रीलमधल्या '१८५ कॅलरी' घरच्या काट्यावर कशा तपासायच्या

हल्ली मोबाईल उघडला की कुणीतरी पनीर धपाटे, ओट्सचा डोसा नाहीतर मूगडाळीचा चिला करून दाखवतंय आणि वर मोठ्या अक्षरात "फक्त १८५ कॅलरी". रेसिपी खोटी असते असं नाही हं, बऱ्याचदा चांगलीच असते, चवीलाही बरी लागते. घोळ होतो तो तीनच ठिकाणी, तेल किती, चमचा केवढा आणि त्यातून नग किती. ही तीन ठिकाणं धरली की बाकीचं फार ताणायची गरज पडत नाही. कोथिंबीर, मिरची, लिंबू वजन करत बसू नका, वेळ जातो आणि आकडा हलत पण नाही.

पहिलं काम काटा न काढता होतं. रीलमध्ये कॅलरीसोबत प्रोटीन, फॅट, कार्ब लिहिलेलं असेल तर फक्त गुणाकार करा. प्रोटीनच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी, कार्बच्या एका ग्रॅमला ४ आणि फॅटच्या एका ग्रॅमला ९. समजा लिहिलंय की प्रोटीन २५ ग्रॅम, फॅट १२, कार्ब ३० आणि एकूण १८० कॅलरी. २५ चोक १००, १२ नव्वे १०८, ३० चोक १२०, झाले ३२८. म्हणजे त्यांचाच हिशोब त्यांच्याच आकड्यांशी जुळत नाही, पुढं बघायचीही गरज नाही. फायबर जास्त असेल तर थोडा फरक पडतो कारण फायबरच्या ग्रॅममागं साधारण २ च कॅलरी धरतात, पण त्यानं ३२८ चे १८० होत नाहीत. तसंच प्रोटीनचं, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८-१९ ग्रॅम प्रोटीन असतं, मग अर्ध्या वाटी पनीरच्या धपाट्यात "३० ग्रॅम प्रोटीन" आलं कुठून, ते विचारायला पाहिजे की नाही.

आता काटा. भांड्यांच्या दुकानात किंवा ऑनलाईन साधा डिजिटल किचन काटा मिळतो, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा घ्या, बस झाला. आणल्यावर आधी तोच तपासा, मापाच्या ग्लासात १०० मिली पाणी ओता, ग्लासाचं वजन वजा करून १०० ग्रॅमच्या आसपास आलं पाहिजे. छोट्या मापासाठी एक युक्ती आहे. शेंगदाणा कूट किंवा तुपाची आख्खी बरणी काट्यावर ठेवा, बटण दाबून शून्य करा, मग बरणीतून चमच्यानं काढा, काटा उणे १४ वगैरे दाखवतो, तेवढं तुम्ही काढलं. चमच्याला काय चिकटलं, वाटीला काय राहिलं ही कटकटच नाही. घरात पहिल्यांदा हे करताना आईनं बघितलं तर "काय करालास रे, सोनं तोलालास का" हे ऐकायची तयारी ठेवा.

चमच्याचा विषय मोठा आहे. रीलवाले "टेबलस्पून" म्हणतात तो १५ मिलीचा आणि "टीस्पून" ५ मिलीचा, आणि आपल्या घरात चहाचा चमचा वेगळा, पोह्याचा चमचा वेगळा, त्यात पळी आणि डाव आणखी वेगळे. रीलमध्ये "एक चमचा तेल" म्हटलं की आपण हातात येईल तो घेतो. म्हणून एकदाच बसून घरातल्या चमच्यांचं माप काढून ठेवा, चमचा भरून पाणी काट्यावर ओता, जितके ग्रॅम तितके मिली. पाच-सहा चमचे भरून ओता आणि भागा, म्हणजे काट्याची चूक कमी होते. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, १५ मिली तेल साधारण १३.५ ते १४ ग्रॅम भरतं, म्हणजे १२०-१२५ कॅलरी. ५ मिलीचा चमचा ४० च्या आसपास. कपाचं पण असंच, मापाचा कप २४० मिलीच्या पुढेमागे असतो आणि आपली आमटीची वाटी त्यापेक्षा बरीच लहान, त्यामुळं "एक कप ओट्स" आणि "एक वाटी ओट्स" यात बराच फरक पडतो.

तेल मोजायचं असेल तर चमच्याच्या भानगडीत पडूच नका. तेलाची बुधली स्वयंपाकाआधी काट्यावर ठेवा, आकडा लिहा, सगळे धपाटे भाजून झाले की परत ठेवा. जो फरक आला तेवढं तेल गेलं. तव्यावर बरंच शिल्लक राहिलं असेल तर ते कागदानं पुसा आणि तो कागद आधी कोरा आणि नंतर तेलकट असा तोलून फरक वजा करा, नाहीतर सोडून द्या. तळणीला थोडं वेगळं, तेल भरलेली कढई तळायच्या आधी आणि गार झाल्यावर तोला, जे कमी झालं ते बहुतेक पदार्थात गेलं. गरम कढई काट्यावर ठेवू नका, काटा प्लास्टिकचा असतो.

आता एक हिशोब पूर्ण करून बघू. समजा रील म्हणते की हाय प्रोटीन पनीर धपाटा, एका नगाला १८५ कॅलरी. सामान असं, ज्वारीचं पीठ १ कप, पनीर १०० ग्रॅम, दही दोन चमचे, एक कांदा, कोथिंबीर, मिरची, तीळ चिमूटभर, तेल "एक चमचा". पीठ काट्यावर १२० ग्रॅम भरलं, ज्वारीच्या १०० ग्रॅमला ३३४ कॅलरी, म्हणजे इथं ४००. पनीर २६० धरू, पाकिटावर बघा कारण पनीर-पनीरमध्ये फरक असतो. ३० ग्रॅम दही २०, ५० ग्रॅम कांदा २०. झाले ७००. त्यात ५ मिली तेलाचे ४० मिळवले तर ७४० आणि चार धपाटे म्हटलं तर एकाला १८५. हां, म्हणजे आकडा हवेतून आला नाही, कागदावर तो बरोबर आहे.

पण व्हिडिओ परत नीट बघा. प्रत्येक धपाट्याला दोन्ही बाजूंनी कडेकडेनं तेल सोडलंय, आणि आपल्याकडं धपाटा तेलाशिवाय खाल्ला जात नाही हे सोलापुरात वेगळं सांगायला नको. घरी बुधली तोलली तर २७ ग्रॅम सहज जातात. २७ नव्वे २४३. सामान ७०० अधिक तेल २४३, एकूण ९४३. आणि त्या पिठाचे आपल्या हाताला चार नाही, तीनच होतात, कारण आपण धपाटा छोटा थापतच नाही. ९४३ भागिले ३, एकाला ३१४. वर ताटात शेंगा चटणी आलीच, तिन्ही धपाट्यांना मिळून २४ ग्रॅम धरा, १२५ कॅलरी, म्हणजे प्रत्येकी आणखी ४२. एका धपाट्याला ३५६ झाले, १८५ चे जवळपास दुप्पट, आणि यात कुणी खोटं बोललं असं पण नाही.

नग मोजण्यापेक्षा वजन धरणं केव्हाही चांगलं, खासकरून भाजी, खिचडी, सूप असल्या गोष्टींना. रिकामं पातेलं आधीच तोलून ठेवायचं (माझ्या सगळ्या पातेल्यांच्या वजनांची कागदाची पट्टी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे), शिजल्यावर भरलेलं तोलायचं, पातेल्याचं वजन वजा. वरच्या धपाट्यांचं तयार वजन मिळून ३१० ग्रॅम आलं तर ९४३ भागिले ३१०, म्हणजे एका ग्रॅमला ३ च्या थोड्या वर. मग ताटात ८० ग्रॅमचा तुकडा घ्या नाहीतर १२० चा, गुणाकार केला की झालं.

इथंच कच्चं आणि शिजलेलं यात लै लोक फसतात. तांदूळ कच्चा १०० ग्रॅम म्हणजे ३५० च्या आसपास, आणि शिजलेला भात १०० ग्रॅम म्हणजे साधारण १३०, कारण मध्ये पाणी आलं. पाण्याला कॅलरी नसते, ते आलं तरी नाही आणि उडालं तरी नाही. आपली कडक भाकरी घ्या, ६० ग्रॅम पिठाची मऊ भाकरी २०० कॅलरीची, ती वाळवून कडक केली की हातात पापडासारखी हलकी लागते, पण कॅलरी त्याच २००. उलट १०० ग्रॅमच्या हिशोबानं कडक भाकरीचा आकडा मोठा दिसतो आणि एखादी रील तेवढ्यावरच "कडक भाकरी टाळा" म्हणून मोकळी होते. पीठ किती घेतलं ते धरा, बाकी सोडा. बेक केलेल्या चिवड्याला, भाजलेल्या मखान्याला, सगळ्याला हाच नियम.

आकडे कुठून घ्यायचे? पाकीट असेल तर पाकिटावरचा १०० ग्रॅमचा रकाना बघायचा, "प्रति सर्व्हिंग" चा नाही, कारण सर्व्हिंग ३० ग्रॅम लिहिलेलं असतं आणि आपण खातो वाटीभर. सुट्या मालाला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली काढलेले भारतीय पदार्थांचे तक्ते आहेत, त्यात ५२८ पदार्थ आहेत, आपली ज्वारी, डाळी, पालेभाज्या सगळं. फक्त त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलीय, ४.१८ नं भागायचं. ज्वारी १३९८ किलोज्यूल म्हणजे ३३४ कॅलरी, शेंगदाणे २१७६ म्हणजे ५२०. दुसऱ्या देशाच्या तक्त्यात शेंगदाणे ५६७ दिसतील, घाबरू नका, जात आणि मोजायची पद्धत वेगळी असली की एवढा फरक येतो. दहा टक्के इकडंतिकडं घरगुती कामाला चालतं, आपल्याला दुप्पट-तिप्पटीचा घोळ पकडायचाय.

ॲपवर मात्र आंधळा विश्वास नको. बऱ्याच ॲपमध्ये लोकांनीच भरलेल्या नोंदी असतात, "पोहे १०० ग्रॅम" म्हणजे कोरडे का फोडणीचे ते कुणी लिहीत नाही. नोंद निवडायच्या आधी तोच ४-४-९ चा गुणाकार मारा, जुळला तरच घ्या. फोटो काढून कॅलरी सांगणारं ॲप तर आमटीच्या आत किती तेल गेलं ते बघूच शकत नाही, वरची तर्री दिसते तेवढीच.

शेंगा चटणीवर मी अडून बसतो कारण "यात तेल अजिबात नाही" हे वाक्य आपल्याकडं फार चालतं. बाहेरून घातलेलं नाही, बरोबर. पण उखळात कुटताना जे सुटतं ते शेंगदाण्याचंच तेल आहे, शंभर ग्रॅम दाण्यात ४० ग्रॅमच्या आसपास फॅट असतं. चटणी खाऊ नका असं कोण म्हणतंय, मी पण रोज खातो, फक्त ती "झीरो ऑईल" च्या रकान्यात टाकू नका. तसंच "साखर नाही, गूळ घातलाय", "मध घातलाय", "खजूर घातलाय". साखरेचा ग्रॅम ४ कॅलरीचा, गुळाचा त्याच्या थोडासाच खाली, आणि १५ मिली मध ६० च्या वर जातो कारण मध जड असतो, चमच्याला २१ ग्रॅम भरतो. चवीला घाला, पण वजन कमी करायला घातला असं म्हणू नका.

सगळ्यात बेमालूम प्रकार म्हणजे सकाळचा "वेट लॉस शेक". केळं एक, १००. फुल क्रीम दूध २५० मिली, २२०. पीनट बटर दोन मोठे चमचे, १९०. ओट्स ४० ग्रॅम, १५०. चार छोटे खजूर, ९०. बेरीज ७५०. हा शेक म्हणून वाईट नाही, पण हे पूर्ण जेवण आहे, आणि लोक याच्यासोबत दोन उकडलेली अंडी पण खातात.

आणि ते "भात खोबरेल तेलात शिजवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, कॅलरी अर्ध्या" वालं. याच्या मागं एक खरी गोष्ट आहे, २०१५ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या परिषदेत श्रीलंकेच्या एका विद्यार्थ्यानं हे काम मांडलं होतं. थंड केल्यावर भातातल्या स्टार्चचा काही भाग असा होतो की तो आतड्यात सहज पचत नाही, हे खरंच. पण त्यांनी तपासलेल्या तांदळात फरक १०-१२ टक्क्यांचा सांगितला होता, अर्ध्याची गोष्ट सगळ्यात चांगली जात मिळाली तर अशा अंदाजाची होती. शिवाय वर घातलेल्या तेलाच्या कॅलरी जमेला धरायच्याच. घरी ठेवायचाच असेल तर भात पटकन गार करून फ्रिजमध्ये टाका, आपल्या उन्हाळ्यात ओट्यावर रात्रभर ठेवलात तर कॅलरी राहू दे बाजूला, पोट बिघडेल.

शेवटी ज्या रीलमध्ये ग्रॅमच दिलेले नसतात, नुसतं "थोडं पनीर, थोडं तूप", तिथं एक आकडा काढायच्या नादी लागू नका, दोन काढा. एकदा हात आखडून धरा, पनीर ५० ग्रॅम, तूप एक छोटा चमचा. एकदा व्हिडिओत दिसतं तसं धरा, पनीर १००, तूप एक मोठा चमचा आणि वरून आणखी तेवढंच. पहिला हिशोब १३० अधिक ४० म्हणजे १७०, दुसरा २६० अधिक २४० म्हणजे ५००. रीलवरचा आकडा १७० च्या पण खाली असेल तर ती रेसिपी करा खुशाल, फक्त आकडा वहीत लिहू नका. मधे कुठंतरी असेल तर एकदा घरी तोलून करून बघा, त्याच हातानं, त्याच तव्यावर, रोज जसं करता तसंच, कारण काट्यासमोर मुद्दाम कमी तेल टाकून केलेला हिशोब दुसऱ्या दिवशी उपयोगाचा राहत नाही.