तास संपण्यापूर्वीची एका प्रश्नाची चिठ्ठी

दशांश अपूर्णांक शिकवून झाल्यावर ‘समजले का?’ असे विचारले की वर्गातून एकसुरात ‘हो’ येते आणि त्यातून शिक्षकाला काहीच कळत नाही. त्यापेक्षा तास संपायला पाच मिनिटे उरली असताना प्रत्येकाला कागदाचा छोटा तुकडा द्यावा आणि फळ्यावर एकच प्रश्न लिहावा: ०.४५ आणि ०.६ यांपैकी मोठी संख्या कोणती? कारण एका वाक्यात लिहा.

कारण मागितल्याशिवाय या चिठ्ठीला अर्थ नाही. पंचेचाळीस सहापेक्षा मोठे म्हणून ०.४५ निवडणारी मुले चटकन ओळखू येतात. पण दशांशचिन्हापुढे अंक जितके कमी तितकी संख्या मोठी, अशी समजूत करून घेतलेली मुलेही ०.६ हेच लिहितात आणि त्यांची चूक बरोबर उत्तराखाली झाकली जाते.

चिठ्ठीला गुण देऊ नयेत. गुण आले की नजर शेजाऱ्याच्या कागदाकडे वळते. मधल्या सुट्टीत चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करावेत: उत्तर व कारण दोन्ही बरोबर, उत्तर बरोबर पण कारण चुकीचे किंवा कोरे, आणि उत्तरच चुकीचे. मधला गठ्ठा सर्वांत काळजीपूर्वक वाचावा. दुसऱ्या दिवशी त्यातील एक कारण, मुलाचे नाव न घेता, फळ्यावर लिहून चर्चा घ्यावी, शंभर चौकटींच्या तक्त्यात ०.६ म्हणजे ६० चौकटी हे रंगवून दाखवावे आणि मग ०.३ व ०.४७ ही जोडी द्यावी. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकणे चालू असतानाच वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनाच्या, नोंदीतही ‘प्रगती समाधानकारक’ असे मोघम न लिहिता मुलाची हीच नेमकी अडचण लिहावी.