टाय रॉड वाकला तर गाडी घरी कशी आणायची

पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडच्या दगडाळ वाटांवर जीप घातली की टाय रॉड, म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकमेकांना जोडणारा स्टिअरिंगचा दांडा, कधीतरी ठोकला जाणारच. रॉड अॅक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) मागे असेल, तर वाकल्यामुळे दोन टोकांतलं अंतर घटतं आणि पुढची चाकं बाहेर फाकतात. टायर किंचाळतात, गाडी ओढते. चाकं समांतर असून नुसतं स्टिअरिंग तिरकं झालं असेल, तर बहुधा ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून चाकांकडे जाणारा दांडा) बघा.

चाकांना दगड लावा, नट सुटू नये म्हणून घातलेली स्प्लिट पिन काढा, नट सोडवा, रॉड खाली उतरवा. झाडाच्या बेचक्यात अडकवून हळूहळू ताण द्या. हातोड्याचे घाव नकोत, आट्यांना तर बिलकूल नकोत. आटे खराब झाले की सगळंच अवघड. रॉडच्या टोकाच्या बॉल जॉइंटचं रबर फाटलंय का तेही बघून घ्या.

रॉड बसवला की मोजायची टेप घ्या. दोन्ही टायरमधलं अंतर हबच्या (चाकाच्या मध्याच्या) उंचीवर पुढून मोजा, मग मागून. फरक काही मिलिमीटरच राहील असा रॉड फिरवून जुळवा, लॉकनट आवळा. स्प्लिट पिन नवी घाला; चार रुपयांची वस्तू, पण डब्यात असतेच असं नाही.

ही सोय घरी पोचण्यापुरती. हायवे टाळा, वेग कमी ठेवा. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागात कोणी ‘तापवून सरळ करून देतो’ म्हणालं तरी ऐकू नका. उष्णतेनं पोलादाची ताकद जाते. नवा रॉड टाका, मग चाकांची अलाइनमेंट करून घ्या. नकल (चाक ज्यावर वळतं तो भाग) किंवा स्टिअरिंग आर्मला (टाय रॉड जिथे जोडतो तो हात) तडा दिसला तर मात्र टोइंगच बोलवा.