गोव्यात एक्लेक्टस पाळायचा असेल तर

एक्लेक्टस हा पोपट. त्याचा नर हिरवा आणि मादी लाल-निळी. एकोणिसाव्या शतकात पक्षीशास्त्रज्ञांनीही या दोघांना दोन वेगळ्या जाती मानलं होतं. आता मात्र पिसं फुटली की पिल्लाचं लिंग कळतं, तेव्हा त्यासाठी डीएनए चाचणीचे पैसे मागणाऱ्याकडून पक्षी घेऊ नये.

आधी कागद. हा पक्षी वन्यजीव कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये येतो. ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी करावी. पायातली रिंग बंद, सांधा नसलेली हवी आणि तिचा क्रमांक बिलावर हवा. ही रिंग पिल्लू लहान असतानाच चढते, त्यामुळे मोठ्या पक्ष्याच्या पायात कापून जोडलेली रिंग दिसली की पक्षी रानातून पकडलेला असल्याचा संशय घ्यावा. इंडोनेशियातल्या सुंबा बेटावरचा एक्लेक्टस जंगलतोड आणि फासेपारध यांमुळेच धोक्यात आला आहे. (आपल्याकडचे रानपोपट पाळणं हा तर सरळ गुन्हाच.)

खाण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. याचं आतडं लांब असतं, रानात तो मुख्यतः फळांवर जगतो. सूर्यफुलाच्या बिया भरून ठेवल्या की यकृतावर चरबी चढते. रंगीत पेलेट (कारखान्यात बनवलेले तयार दाणे) किंवा वरून जीवनसत्त्वांची पावडर दिली तर काही पक्षी बोटं दांडीवर आपटत राहतात, पंख झटकत राहतात. असं दिसलं की ते खाणं ताबडतोब बंद करून पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवावं. दिवसाला साधारण एक वाटी खाणं, सकाळ-संध्याकाळ विभागून: निम्मं पपई, पेरू, डाळिंब, उरलेल्यात तांबडा भोपळा, शेवग्याचा पाला, शिजवलेले मूग किंवा चवळी. तांबडी भाजी (लाल माठ) अधूनमधूनच, कारण तिच्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. अवोकॅडो आणि चॉकलेट विषारी. वजन आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर करावं. दहा टक्के घट म्हणजे आजार.

पावसाळ्यात चिरलेलं फळ दोन तासांत उचलावं. बुरशी आलेले शेंगदाणे आणि ओला पिंजरा यांतून फुप्फुसाचा संसर्ग होतो, आणि तो लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. फवाऱ्याने अंघोळ सकाळीच, म्हणजे संध्याकाळपर्यंत पिसं वाळतात. पिंजरा बलकांवावर (घरापुढच्या ओसरीवर) ठेवू नये, तिथे पावसाचे शिंतोडे येतात आणि रात्री मांजर, साप. स्वयंपाकघरही नको: नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याचा धूर पक्ष्याला मिनिटांत मारतो. चतुर्थीत धूप आणि डासांची कॉइल दुसऱ्या खोलीत. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी कुरतडली तर विषबाधा होते. स्टेनलेस स्टील घ्यावं.

मादी पाळणाऱ्यांनी एवढं जपावं. रानात चांगल्या ढोल्या कमी, म्हणून मादी वर्षातले बरेच महिने ढोलीपाशी ठाण मांडते आणि अनेक नर तिला चारा आणून देतात. घरात कपाटाचा खण, सोफ्याखालची फट, पुठ्ठ्याचा खोका, काहीही तिला ढोली वाटतं. मग ती चावकी होते, नराविनाही अंडी घालत सुटते आणि कॅल्शियम संपलं की अंडं अडकतं. काळोखी जागा बंद कराव्यात, दिवस दहा-अकरा तासांवर आणावा, पाठ कुरवाळू नये. घातलेली अंडी लगेच काढू नयेत, मादी ती सोडून देईपर्यंत ठेवावीत; काढली तर ती भरपाईला नवी घालते. फुगून पिंजऱ्याच्या तळाशी बसली, शेपूट वरखाली हलवून जोर करत राहिली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.