हॅस्केलमध्ये फाइलचा पाथ टाइपमध्ये कसा बांधावा

हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत पाथसाठी, म्हणजे फाइल किंवा फोल्डरच्या पत्त्यासाठी, 'फाइलपाथ' नावाचा टाइप आहे खरा, पण ते 'स्ट्रिंग'चंच, म्हणजे साध्या मजकुराच्या टाइपचंच, दुसरं नाव. ग्राहकाचं आडनाव असो की फोल्डरचा पाथ, कंपायलरला दोन्ही सारखेच. याचा फटका बघायचा असेल तर '</>' या ऑपरेटरने '/डेटा' ला '/इतर' जोडून पाहा. उत्तर '/डेटा/इतर' येत नाही, नुसतं '/इतर' येतं. उजवा पाथ मुळापासून, म्हणजे '/' ने, सुरू होत असेल तर डावा टाकून द्यायचा, असा नेहमीच्या लायब्ररीचा नियमच आहे. अपलोड झालेल्या फाइलचं नाव कोणी असं थेट जोडलं, तर ती सर्व्हरवर कुठेही जाऊन पडू शकते. अशी चूक कंपायलरनेच पकडावी म्हणून पाथ कोणत्या प्रकारचा आहे हे टाइपमध्येच बांधायचं, ते असं.

1. दोन प्रश्न वेगळे करा. पाथ मुळापासून आहे की सापेक्ष, म्हणजे दुसऱ्या एखाद्या फोल्डरपासून पुढचा? आणि तो फाइलचा आहे की फोल्डरचा? दोन्हींची उत्तरं एकमेकांवर अवलंबून नाहीत, म्हणून चार जोड्या होतात. विंडोज-लिनक्स हा तिसरा प्रश्न सुरुवातीलाच आणू नका. टाइप लांबत जातात आणि हाती फारसं काही लागत नाही.

2. टाइप लिहा. आत साधी स्ट्रिंग असलेला एक 'न्यूटाइप' (जुन्या टाइपवर चढवलेलं वेगळ्या टाइपचं वेष्टन) करा आणि त्याला दोन टाइप-पॅरामीटर द्या. हे पॅरामीटर फक्त खुणेपुरते, आतल्या डेटात त्यांचा मागमूस नसतो. यांनाच फँटम टाइप म्हणतात. प्रोग्रॅम चालताना या खुणांचा भार शून्य. हेच तयार हवं असेल तर 'पाथ' ही लायब्ररी घ्या. हॅस्केलचे प्रोजेक्ट बिल्ड करणारं 'स्टॅक' हे टूलही तीच वापरतं.

3. कन्स्ट्रक्टर, म्हणजे स्ट्रिंगला हे वेष्टन चढवणारा भाग, लपवा. सगळी ताकद इथे आहे. मॉड्यूलबाहेर कन्स्ट्रक्टर दिला तर कोणीही कोणत्याही स्ट्रिंगवर 'ही फाइल आहे' असा शिक्का मारेल. बाहेर फक्त चार पार्सर, म्हणजे स्ट्रिंग तपासून पाथ बनवणारी फंक्शनं, द्या, प्रत्येक जोडीसाठी एक, आणि चुकीचा पाथ आला तर त्यांनी स्पष्ट नकार द्यावा. 'पाथ' लायब्ररी '..' (एक फोल्डर वर जा) असलेले पाथही नाकारते. आधी हे जाचक वाटतं, पण दोन पाथ सारखे आहेत का हे त्यामुळे नुसती तुलना करून ठरवता येतं.

4. जोडणीचा टाइप घट्ट करा. डावीकडे फोल्डरच हवा, उजवीकडे सापेक्ष पाथच. निकालाचं मूळ डावीकडून येतं, फाइल की फोल्डर हे उजवीकडून. वरचं '/डेटा' आणि '/इतर' चं उदाहरण आता कंपाइलच होत नाही. फाइलला फाइल जोडणंही संपलं.

5. तपासणी वेशीवरच करा. कमांड लाइन, कॉन्फिग, वेब फॉर्म: जिथून स्ट्रिंग आत येते तिथेच पार्स करा. पुढच्या फंक्शनांना टाइप असलेला पाथच द्या आणि पुन्हा स्ट्रिंग करायची ती फाइल उघडण्याच्या क्षणी. मधेच दहा ठिकाणी स्ट्रिंगमध्ये ये-जा होत असेल तर हा सगळा खटाटोप वाया. कोडमध्येच लिहिलेल्या ठरावीक पाथसाठी टेम्प्लेट हॅस्केल (कंपाइल होतानाच कोड चालवायची हॅस्केलची सोय) वापरा, म्हणजे चूक कंपाइल करतानाच कळते. कमांड लाइनवर लोक '../' टाइप करणारच. तिथे 'पाथ-आयओ' या जोडीच्या लायब्ररीतली फंक्शनं चालू फोल्डर धरून पूर्ण पाथ काढून देतात. त्याच लायब्ररीत फोल्डरची यादी मागितली की उपफोल्डर आणि फाइली अशा दोन वेगळ्या याद्या मिळतात, त्यामुळे प्रत्येक नावाला 'तू कोण?' विचारत बसावं लागत नाही.

एक मर्यादा मात्र आहे. हे टाइप पाथच्या रूपाबद्दल बोलतात, डिस्कबद्दल नाही. फाइलचा टाइप मिळाला म्हणून ती फाइल अस्तित्वात असेलच असं नाही. त्या नावाचा फोल्डरही निघू शकतो, किंवा भलतीकडे नेणारी सिम्बॉलिक लिंक. आधी 'आहे का' विचारून मग उघडण्यातही अर्थ नाही, कारण मधल्या वेळात दुसरा प्रोग्रॅम ती पुसू शकतो. सरळ उघडा आणि एरर आली तर ती हाताळा.