जुन्या वास्तूंच्या जतनात करिअर करायचंय? मग या चुका टाळा

जतनाच्या कामात येऊ पाहणाऱ्या तरुण आर्किटेक्टला मी आधी एका भिंतीसमोर उभं करते आणि विचारते, "काय दिसतंय?" बहुतेक जण सांगतात, "ओल आलीय, वॉटरप्रूफिंग करून घ्यावं लागेल." मी विचारलेलं असतं काय दिसतंय, उत्तर येतं काय करायचं. मधली पायरी गाळून मारलेली ही उडी या क्षेत्रात फार महागात पडते. नव्या इमारतीतली भिंत चुकली तर पाडून पुन्हा बांधता येते. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी हाताने घडवलेला दगड आपल्या चुकीने फुटला, की तो कायमचा गेला.

खालच्या चुकांपैकी बऱ्याचशा मी साइटवर पाहिल्या आहेत आणि काही स्वतः केल्या आहेत.

## ओल दिसली की लगेच उपाय लिहून देणं

काम सुरू करून मला दुसरं वर्ष लागलं होतं. एका जुन्या दगडी इमारतीच्या तळमजल्यावर, खिडकीखाली, कमरेच्या उंचीपर्यंत गिलावा फुगला होता. बोटाच्या पेरांनी ठोकलं की पोकळ आवाज यायचा. मी ओल मोजायचा मीटर टेकवला, आकडा वर गेला, आणि वहीत लिहिलं, "जमिनीतून चढणारी ओल." त्या एका ओळीच्या भरवशावर भिंतीत ओळीने भोकं पाडून रसायन भरलं गेलं. पुढच्या पावसात डाग पुन्हा तिथेच उमटला.

मग मी भर पावसात छत्री घेऊन बाहेर उभी राहिले. वरच्या मजल्यावरच्या पन्हळीचा एक जोड उसवला होता. तिथून पाण्याची बारीक धार भिंतीवर येत होती आणि खिडकीच्या चौकटीमागे नाहीशी होत होती. दुरुस्ती होती एका जोडाची. त्या दगडांत पाडलेली भोकं मात्र आजही तिथे आहेत.

यातून दोन गोष्टी शिकले. पहिली मीटरबद्दल. हे मीटर मुळात लाकडासाठी आहेत आणि ते पाणी मोजत नाहीत, विजेला होणारा विरोध मोजतात. जुन्या भिंतीत क्षार साचलेले असले की भिंत जवळपास कोरडी असतानाही आकडा वर जातो. तो आकडा म्हणजे फक्त इशारा, त्याला निदान समजू नका. दुसरी क्रमाबद्दल. वरून खाली तपासत या: छप्पर, पन्हळी, उतरते पाइप, खिडक्यांचे छज्जे, मग बाहेरच्या जमिनीची पातळी, मग आतली नळजोडणी, मग बंद खोलीत साचणारी वाफ. वर्षानुवर्षं भर पडून अंगण जोत्याच्या वर चढलेलं असतं, ही तर फारच नेहमीची गोष्ट. हे सगळं निस्तरल्यावरही ओल राहिली, तरच ती जमिनीतून चढतेय का याचा विचार करा. आणि इमारत एकदा तरी पाऊस चालू असताना पाहा. फोटोत न दिसणारं कितीतरी तेव्हा समोर येतं.

## "मजबूत म्हणजे चांगलं" हे कॉलेजातलं गणित सोबत आणणं

जोसेफ अॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं ते १८२४ साली. त्याआधीच्या दगड-विटांच्या इमारती बहुतेक चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या आहेत. त्यांची भिंत पाणी पिते आणि सोडते. पावसात भिजते, उन्हात दर्जांमधून, म्हणजे दगड-विटांमधल्या सांध्यांमधून, वाळते. आर्किटेक्चरच्या अभ्यासक्रमात आपण पाणी अडवायला शिकतो. इथे भिंतीला वाळू द्यायला शिकावं लागतं.

चुन्याच्या भिंतीत सिमेंटच्या दर्जा भरल्या की पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते. मग ते विटेतून किंवा दगडातून निघतं, सोबत क्षार आणतं. पृष्ठभागाशी पाणी उडून जातं आणि क्षारांचे स्फटिक आतल्या आत वाढून वीट फोडतात. अशी भिंत एकदा जवळून पाहाच. सिमेंटच्या दर्जा जशाच्या तशा बाहेर उभ्या असतात आणि मधल्या विटा झिजून आत गेलेल्या असतात, रिकाम्या मधाच्या पोळ्यासारख्या. विटेवर नख फिरवलं की लाल भुकटी पडते. पाहणारा म्हणतो, "विटा वाईट होत्या, सिमेंट बघा कसं टिकलंय!" प्रत्यक्षात सिमेंट टिकलं म्हणूनच विटा गेल्या. दर्जा भरायचा मसाला नेहमी भोवतीच्या दगड-विटेपेक्षा मऊ हवा, म्हणजे झीज त्याच्या वाट्याला येते. तो पुन्हा भरता येतो.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच होते. चुना "नैसर्गिक" म्हणून तो कसाही वापरला तरी चालेल, असा समज असतो. चालत नाही. तक्रारी ठरलेल्या असतात, म्हणून त्यांची कारणंही सांगते.

गिलाव्याला जाळीसारख्या बारीक भेगा पडल्या, तर बहुतेक वेळा थर जाड मारलेला असतो, मसाल्यात पाणी जास्त झालेलं असतं किंवा ऊन-वाऱ्याने तो झपाट्याने सुकलेला असतो. मागची भिंत आधी नीट भिजवा, थर पातळ ठेवा, ओलं गोणपाट लावून काही दिवस दमट ठेवा. गिलावा महिन्यानंतरही बोटाला पांढरा लागतो, भुसभुशीत वाटतो, तर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट झालेला नाही. त्याला त्यासाठी थोडा ओलावा लागतो आणि वेळही. एक लहानसा तुकडा तोडून ताज्या कडेवर फिनॉल्फथॅलिन या रसायनाचे थेंब टाका. गुलाबी झाला तो भाग अजून कच्चा आहे. गिलावा थरच्या थर सुटून येतो, तेव्हा मागे धूळ किंवा जुना रंग राहिला होता का ते पाहा. चुना कोणता तेही विचारा. हवेत घट्ट होणारा आणि पाण्यातही घट्ट होणारा, हे दोन वेगळे पदार्थ आहेत आणि त्यांचं वागणंही वेगळं.

## भेग दिसली की आवळायला धावणं

भेग जुनी असेल, थांबलेली असेल. ऋतूप्रमाणे उघडत-मिटत असेल. किंवा खरोखर वाढत असेल. या तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत आणि एका भेटीत त्यांतला फरक कळत नाही. जीव धोक्यात नसेल तर भेगेवर मोजपट्टी बसवा आणि निदान एक वर्ष, म्हणजे सगळे ऋतू, नोंदी घ्या. धोका असेल तर आधी धिरे, म्हणजे टेकू द्या, मग मोजत बसा.

इटलीतल्या पिसाच्या कलत्या मनोऱ्याची गोष्ट या बाबतीत मुलांना मी नेहमी सांगते. १९३४ साली त्याचा पाया बळकट करायला सिमेंटचा मसाला आत भरला गेला आणि मनोरा आणखी कलला. तो १९९० मध्ये लोकांसाठी बंद झाला. शेवटी उपयोगी पडलं ते उत्तरेकडच्या बाजूखालून थोडी-थोडी माती काढून घेणं, तेही सतत मोजमाप ठेवत. कल सुमारे ४० सेंटीमीटरने कमी झाला आणि २००१ मध्ये मनोरा पुन्हा उघडला.

अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिरात प्राचीन कारागिरांनी संगमरवराचे ठोकळे लोखंडी आकड्यांनी जोडले होते, पण प्रत्येक आकड्याभोवती शिसं ओतलं होतं, लोखंडाला गंज लागू नये म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निकोलाओस बालानोस या इंजिनिअरच्या देखरेखीखाली दुरुस्ती झाली तेव्हा साधं लोखंड शिशाशिवाय वापरलं गेलं. ते गंजलं, फुगलं आणि त्याने संगमरवर फोडला. १९७५ मध्ये नेमलेल्या समितीच्या कामात हे लोखंड काढून टायटॅनियम बसवण्यात आलं, शिवाय चुकीच्या जागी लागलेले ठोकळे शोधून मूळ जागी न्यावे लागले. बालानोस यांची कळकळ खरी होती, याबद्दल मला शंका नाही. ज्याने आधी बांधलं त्याने शिसं का ओतलं असेल, हा प्रश्न मात्र राहून गेला. तुमच्यासमोर जुन्या बांधकामात एखादी अनाकलनीय गोष्ट आली तर ती निरर्थक समजून काढून टाकू नका. आधी तिचं काम काय ते शोधा.

## वाकडी भिंत कागदावर सरळ करणं

नकाशे काढताना हात आपोआप काटकोनाकडे जातो. कंप्युटर तर त्यासाठी टपूनच बसलेला असतो. पण खोली ५ सेंटीमीटरने तिरकी आहे, हीच तर माहिती आहे. ती भिंत कधीतरी सरकलीय, किंवा आधीच्या भिंतीला टेकून नंतर बांधलीय. दोन्ही कर्ण मोजा, ओळंबा सोडा, जाडी प्रत्येक दारापाशी वेगळी घ्या. खोल्यांची मापं जोडल्यावर बाहेरच्या मापाशी जुळत नसतील तर फरक वाटून टाकू नका. मधे बंद केलेली एखादी जागा असू शकते.

लेझर स्कॅनिंगने काम सोपं झालंय, आणि त्याचं मोल मोठं आहे. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचं स्कॅनिंग अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकाराने २०१० मध्ये केलं होतं. १५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर जुन्या मोजमापांची ती नोंद फार मोलाची ठरली. पण स्कॅनरला तुळईचं भिंतीत गेलेलं टोक दिसत नाही, आणि लाकूड नेमकं तिथेच कुजतं. तिथे टोच्या घेऊन स्वतः वाकून तपासावं लागतं.

तपासायला मात्र एकटं वर चढू नका. सप्टेंबर १९९७ मध्ये इटलीतल्या असिसीच्या सेंट फ्रान्सिस बॅसिलिकात भूकंपाचं नुकसान पाहायला लोक आत गेलेले असताना दुसरा मोठा धक्का बसला. कमानीचं छत कोसळलं आणि चौघांचा जीव गेला. छताच्या पाठीवर पिढ्यान्‌पिढ्या साचलेल्या राडारोड्याचं वजन होतं. आवडीच्या इमारतीत आपण बेसावध होतो. हेल्मेट घाला, सोबत माणूस ठेवा, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरने नको म्हटलं तर थांबा. इंजिनिअरही जुन्या बांधकामाची सवय असलेलाच शोधा, नाहीतर प्रत्येक प्रश्नाचं उत्तर काँक्रीट येईल.

## हरवलेलं कल्पनेने भरून काढणं

१९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे वास्तू-जतनाच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांच्या मसुद्यात, स्पष्ट म्हटलंय की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. नवा भाग एकूण वास्तूशी मेळ खाणारा हवा, पण जवळून पाहिल्यावर नवा म्हणून ओळखूही यायला हवा. हे पाठ करणं सोपं आणि पाळणं अवघड आहे, कारण मालकाला अख्खी, देखणी इमारत हवी असते. अस्सलपणाबद्दलच्या १९९४ च्या नारा दस्तऐवजाने यात भर घातली: अस्सलपणाचा निवाडा त्या-त्या संस्कृतीच्या चौकटीत करायचा. लाकडी मंदिरातले भाग पिढ्यान्‌पिढ्या बदलत आलेल्या परंपरेला दगडी अवशेषांचा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. दोन्ही मूळातून वाचा, सारांशावर भागवू नका.

## पदव्या जमवणं आणि हात कोरडे ठेवणं

आर्किटेक्चरची पदवी आणि त्यावर जतनाचं पदव्युत्तर शिक्षण, हा सरळ रस्ता आहे आणि तो घ्यावाच. पण दोन्हींच्या मधे किंवा नंतर साइटवर राहा. ब्रिटनमधल्या एसपीएबी या जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीच्या संस्थेची, म्हणजे विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये उभारलेल्या संस्थेची, एक शिष्यवृत्ती १९३० पासून चालू आहे. तिच्यात तरुण आर्किटेक्ट काही महिने गावोगाव फिरून चालू दुरुस्त्या आणि कारागिरांचं काम जवळून पाहतात. रोममधली इक्रोम ही वारसा-जतनाची आंतरराष्ट्रीय संस्था दगड, लाकूड अशा विषयांवर कामातल्या लोकांसाठी अभ्यासक्रम घेत आली आहे. अशी संधी मिळाली नाही तर जवळच्या साइटवर गवंड्यासोबत पंधरा दिवस मसाला कालवा. मसाला करणीला कसा चिकटायला हवा, हे कुठल्याच स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं नसतं. पाथरवट दगडाची "नस", म्हणजे त्याच्या थरांची दिशा, पाहून तो आडवा बसवतो, उभा बसवला तर त्याचे पापुद्रे सुटतात. हे ज्यांच्याकडून शिकाल त्यांना अहो-जाहो करा आणि अहवालात त्यांच्या कामाचा उल्लेख ठेवा.

अर्ज करूनही बोलावणं येत नसेल, तर पोर्टफोलिओ उघडून पाहा. त्यात झळाळत्या "आधी-नंतर"च्या फोटोंचा भरणा आहे का? आम्ही ते भराभर उलटतो. एका खिडकीचं नीट मोजलेलं रेखाटन, एका भिंतीचा नुकसान-नकाशा, आणि "मला आधी असं वाटलं, मग हे सापडलं, म्हणून मत बदललं" अशी एक पानभर टिपणी असेल तर मी त्या उमेदवाराला नक्की भेटते. साधं, नेमकं लिहिता येणं या कामात चित्राइतकंच लागतं. परवानग्या देणारे अधिकारी, विश्वस्त, ठेकेदार, सगळे आधी तुमचा अहवाल वाचतात.

## तपासणीचे पैसे न मागणं

नवे आर्किटेक्ट बहुतेक वेळा इथेच अडकतात. संकोचापोटी पाहणी, मोजणी, मसाल्याची चाचणी हे सगळं एकूण फीमध्ये गुंडाळून टाकतात, मग वेळ पुरत नाही आणि निदान घाईत होतं. पाहणी हा वेगळा टप्पा धरा, तिची फी वेगळी लिहा. अंदाजपत्रक देण्याआधी दोन-चार ठिकाणी फरशी, छत, गिलावा उघडून पाहायची परवानगी मागा. न उघडलेल्या जागांसाठी राखीव रक्कम ठेवा आणि ती कशासाठी आहे हे मालकाला पहिल्याच बैठकीत समजावून सांगा. काम संपल्यावर त्यांच्या हाती देखभालीचा एक कागद द्या: पावसाआधी पन्हळी साफ करणं, भिंतीत उगवलेलं रोप मुळं धरायच्या आत काढणं, सुटलेलं कौल त्याच आठवड्यात बसवणं, आणि यांतलं कोणतं काम कुणी करायचं त्याचं नाव.