दहावीचं शाब्दिक उदाहरण तटतंय? असं मांडून बघा

वेळापत्रक भिंतीला लावा, पहाटे उठा, मोबाईल लांब ठेवा असलं काही मी सांगणार नाही, ते घरातले रोज ऐकवतातच. कोल्हापुरात राजारामपुरीत बरीच वर्षं संध्याकाळी दहावीच्या पोरांना गणित शिकवतोय, त्यातनं जे कळलं तेवढंच लिहितो. पुस्तकातले सरावसंच आणि संकीर्ण दोन्ही, गाईड मिटवून, हातानं सोडवायचे. गाईड वाचत "हां हां, आलं" म्हणणं म्हणजे गंगावेशीच्या तालमीबाहेर उभं राहून कुस्ती शिकणं.

सोपं आधी उरकतो. अंकगणित श्रेढीत सूत्रं दोनच, पाठ करा. संभाव्यतेत नमुना अवकाश, म्हणजे शक्य त्या सगळ्या निकालांची यादी, पूर्ण लिहा, मनात मोजू नका. सांख्यिकीत कोष्टक स्वच्छ काढा. झालं.

आता शाब्दिक उदाहरण. हुशार पोरंपण इथंच तटतात, वर्गसमीकरण फटाफट सोडवणारी पोरगी चार ओळींचं मराठी वाचून पेन चावत बसते. ह्यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो, "शब्द बघून चिन्ह ओळखा, जास्त म्हणजे अधिक, कमी म्हणजे वजा". हा सल्ला देणाऱ्याला एकदा विचारा की बाबा, "मुलीच्या वयाच्या तिपटीपेक्षा ४ ने जास्त" आणि "मुलीच्या वयापेक्षा ४ ने जास्त असलेल्या संख्येची तिप्पट" ह्यात काय फरक? दोन्हीकडे जास्त आहे, दोन्हीकडे तिप्पट आहे, पण मुलीचं वय क्ष धरलं तर पहिलं ३क्ष + ४ आणि दुसरं ३(क्ष + ४). (पुस्तकात एक्स असतो, मी क्ष लिहितोय, तुम्ही पेपरात एक्सच लिहा.) "पेक्षा" कुठल्या शब्दाला चिकटलाय ते आधी बघायचं. तो "तिपटी"ला चिकटला असेल तर आधी तिप्पट, मग बेरीज.

मी स्वतः दहावीत असताना प्रिलिमला वेगाचं उदाहरण आलं, बहुतेक असंच काहीतरी: गाडी २४० किमी जाते, ताशी वेग २० किमीनं जास्त असता तर १ तास कमी लागला असता, तर वेग किती? मी समीकरण कसंबसं मांडलं, उत्तरं दोन आली, त्यातलं पहिलं आलं म्हणून त्यालाच चौकट केली. वेग उणे ८०. सरांनी अख्ख्या वर्गासमोर विचारलं, "ही गाडी पुण्याहून रिव्हर्समध्ये आली काय रे?" ते अजून डोक्यातनं जात नाही.

तर तेच उदाहरण घेऊया. पहिली ओळ लिहायची: "समजा, गाडीचा मूळ वेग ताशी क्ष किमी आहे." नुसतं "समजा क्ष" नाही, कशाचा क्ष आणि कुठल्या एककात हे पूर्ण लिहायचं, कारण निम्मी पोरं सुरुवातीला वेगाला क्ष मानतात आणि तिसऱ्या ओळीत तोच क्ष वेळ होऊन बसतो. मग तीन रकाने पाडा, अंतर, वेग, वेळ, आणि खाली दोन ओळी. पहिल्या ओळीत २४०, क्ष, २४०/क्ष. दुसरीत २४०, क्ष + २०, २४०/(क्ष + २०). आता बघा, उदाहरणातलं एक वाक्य अजून वापरलंच नाही, "१ तास कमी लागला असता". ते मुद्दाम राखून ठेवायचं. कोष्टक भरून झाल्यावर जे वाक्य उरतं तेच तुमचं समीकरण. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, दोन वर्षं शिकवल्यावर माझं मला कळलं. आणि तेच वाक्य कोष्टक भरतानापण वापरलं आणि समीकरणालापण वापरलं तर सगळं कटून ० = ० येतं, मग पोरं म्हणतात सर गणितच चुकीचं छापलंय.

वजाबाकी कुणातनं कुणाची? वेग कमी तेव्हा वेळ जास्त, म्हणून मोठी वेळ २४०/क्ष, तिच्यातनं दुसरी वजा, बरोबर १. छेद घालवले की क्ष² + २०क्ष − ४८०० = ०, अवयव (क्ष + ८०)(क्ष − ६०). उणे ८० खोडून टाकू नका, "वेग ऋण नसतो" असं कारण लिहून सोडा.

पडताळा समीकरणात घालून करू नका, समीकरणच चुकलं असेल तर उत्तर त्या चुकीच्या समीकरणात आरामात बसतं. प्रश्नात घालून बघा: ६० नं गेलो तर ४ तास, ८० नं ३ तास, १ तास कमी. बसलं.

दोन अंकी संख्येच्या उदाहरणात दशकस्थानी क्ष आणि एककस्थानी य असेल तर संख्या १०क्ष + य, नुसतं क्षय नाही, तो रोग आहे.

रोज अशी दोनच करा, पण निम्मी वेळा नुसतं समीकरण मांडून सोडून द्या, पुढचं सोडवूच नका. मांडणीचा हात बसायला पाहिजे, आकडेमोड तर तुम्हाला येतेच.

पेपरात ४० मार्कांना १२० मिनिटं, म्हणजे मार्काला तीन. मोठं उदाहरण पंधरा मिनिटांत मांडता नाही आलं तर जागा सोडून पुढं जा, पण समजाची ओळ आणि कोष्टक तिथं लिहून ठेवा, कोऱ्या जागेला कुणी मार्क देत नाही. कॅल्क्युलेटर चालत नाही. आणि बहुपर्यायी प्रश्नात पहिल्यांदा लिहिलेलंच उत्तर धरतात, तेव्हा आधी कच्च्या कामात सोडवा आणि मगच पर्याय लिहा.