शिडाच्या जहाजावरची मैत्री लिहिताय? या चुका टाळा

समुद्री साहसकथा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसते: जहाज मोटारीसारखं चालतं. नायकाच्या मनात आलं, सुकाणू फिरवलं, निघालं. पण शिडाच्या जहाजाला वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाताच येत नाही. कधी उजव्या, कधी डाव्या अंगाने वारा घेत नागमोडी सरकावं लागतं, आणि मोठ्या जहाजावर दर वळणाला ढीगभर खलाशी दोरांना भिडतात. वारा पडला की सगळं ठप्प. म्हणून प्रसंग लिहिण्याआधी वारा कुठून येतोय ते ठरवा. कोण अडकलं, कोण मदतीला पोचू शकत नाही, हे त्यातूनच निघतं. मैत्रीची कसोटी तिथे लागते.

१६७९ चं मुंबईजवळचं खांदेरी बेट बघा. शिवरायांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींनी तिथे तटबंदी सुरू केली आणि मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं आणून नाकेबंदी केली. तरीही मराठ्यांच्या लहान होड्या रात्री वल्हवत, उथळ पाण्यातून बेटावर सामान पोचवत राहिल्या. इंग्रजांची जड जहाजं वाऱ्यावाचून खोळंबत, उथळात शिरायला धजत नसत. पुढे दौलतखान मराठ्यांचं आरमार घेऊन आला. अशा कथेत मायनाक आणि दौलतखानाच्या तोंडी गळाभेटीचे संवाद घालायचा मोह होतो. तो आवरा. एकाच होडीत वल्ही मारणारे दोन कल्पित खलाशी घ्या. त्यांना भांडू द्या, घाबरू द्या, इतिहासाला धक्का न लावता हवं ते करू द्या.

मैत्री भाषणांतून दाखवणं ही मला सर्वात जास्त खटकणारी चूक. जहाजावर मैत्री होते ती जागा अपुरी असते म्हणून. ब्रिटिश आरमारात एका खलाशाच्या झोपायच्या टांगत्या झोळीला १४ इंच रुंदी मिळे. सहा-आठ जण एका टेबलावर रोज जेवत, आणि हीच त्यांची घरची माणसं. दोन मित्रांची गोष्ट पुढे सरकत नसेल तर त्यांना वेगवेगळ्या पाळीत टाका. पाळी चार तासांची. एक उठतो तेव्हा दुसरा आडवा होतो, आणि जे काही बोलायचं ते पाळी बदलताना, ओल्या कपड्यांत, दोन वाक्यांत. चार पानांची भावव्याकूळ चर्चा तिथे शिल्लकच राहत नाही.

भांडणाचंही तसंच. बीगल जहाज १८३१ च्या डिसेंबरात प्लिमथहून निघालं तेव्हा चार्ल्स डार्विन २२ वर्षांचा होता, कप्तान फिट्झरॉय २६ चा. दोघं एकाच केबिनमध्ये जेवत. ब्राझीलमध्ये गुलामगिरीवरून वाजलं. एका मालकाने आपल्या गुलामांना बोलावून ‘सुटका हवी का?’ असं विचारलं आणि सगळे ‘नाही’ म्हणाले, हे फिट्झरॉयने पुरावा म्हणून सांगितलं. मालकासमोर दिलेल्या उत्तराला काय किंमत, असं डार्विनने विचारताच कप्तान भडकला आणि आता एकत्र राहणं शक्य नाही म्हणाला. इतर अधिकाऱ्यांनी डार्विनला आपल्या पंगतीला बोलावलंसुद्धा. काही तासांतच कप्तानाने माणूस पाठवून माफी मागितली. पुढे कितीतरी वर्षांचा प्रवास बाकी होता. दार आपटून निघून जायला जहाजावर जागा नसते, त्यामुळे समेटाचा प्रसंग ‘सहा महिन्यांनी’ ढकलू नका.

मराठी लेखकांची खास चूक ऋतूची. आषाढात गुराब (मराठा आरमारातलं तोफा असलेलं मोठं जहाज) भर समुद्रात झुंजतेय, असं वाचलं की पुस्तक मिटावंसं वाटतं. पावसाळ्यात कोकणची जहाजं खाडीत किंवा किनाऱ्यावर असत. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र पुन्हा खुला. मग ते महिने वाया गेले का? उलट, विजयदुर्गजवळ गिर्ये इथे आंग्र्यांची गोदी होती. फळ्यांच्या फटी बुजवणं, शिडं शिवणं, दोर वळणं, उधारी फेडणं. जुनी मैत्री तिथे मुरवा.

मरणही फक्त तोफेच्या गोळ्याने येऊ देऊ नका. ब्रिटिश आरमारी अधिकारी अ‍ॅन्सनच्या १७४० ते १७४४ च्या सफरीत निम्म्याहून कितीतरी जास्त माणसं गेली, ती मुख्यतः रोगराईने. लढाईत मोजकीच. हिरड्या सुजलेल्या मित्राला घास मऊ करून भरवणारा खलाशी एकदा लिहून बघा.

आणि रात्रीची मोहीम असेल तर पंचांग काढा. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते. काळोखासाठी अमावास्या निवडलीत तर पंधराचे पाऊण सव्वाअकरा, म्हणजे मध्यरात्रीच्या आसपास खाडी भरलेली आणि पहाटे साडेपाचच्या सुमारास ओहोटी. तुमचे दोघे खलाशी पहाटे परतत असतील तर त्यांची होडी खाडीच्या तोंडाशी चिखलात रुतणार, आणि उजाडायला फार वेळ उरलेला नसणार.